किनुएबाईचं वांगं

५ जानेवारी २०२५, रविवार. जळगाव

माझे गाइड सुकदेव सर यांचा हुकूम आहे की रोज जे वाचशील ते लिहून ठेव, आणि वाचताना डोक्यात काय आलं तेही लिही. म्हटलं लिहू. तसंही त्यांच्यापुढे कोणाचं काय चालतं?

काल प्रबंधाचा कच्चा खर्डा घेऊन धुळ्याला गेले होते. 'जपानी सांस्कृतिक अस्मिता', तीनशे पानं, छान बाइंडिंग. सरांनी चष्मा कपाळावर ढकलून पानं चाळली आणि म्हणाले, "दिपमाला, ह्या तीनशे पानांत एकही जपानी माणूस बोलत नाही. सगळे गोरे साहेब बोलतात, जपान्यांबद्दल. तू प्रशीलकडे चार वर्षं जपानी शिकलीस ती कशाला? घरी लोणचं घालायला?" शेवटच्या प्रकरणासाठी एक तरी पुस्तक मुळातून वाच, मग सही करतो, म्हणाले. जूनमध्ये पीएचडीची नोंदणी संपते. संपली की सात वर्षं पाण्यात.

परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत मी मनातल्या मनात सरांशी भांडले आणि पारोळ्यानंतर मला ते पटलं. हा माझा स्वभाव आहे, उशिरा पटतं.

घरी आले तर आबा तसेच खुर्चीत. ताट झाकलेलं, अर्धी पोळी मोडलेली. दसऱ्यानंतर आई गेली, दिवाळी झाल्यावर योगेंद्रनं त्यांना पहूरहून माझ्याकडे आणून सोडलं. तिथल्या घरात थांबवत नाही म्हणे. इथेही काय करतात? बसतात. मी एकटी राहणारी बाई, मला कोणाला भरवायची सवय नाही. "आबा, दोन घास खा," म्हटलं तर म्हणतात, "खाल्लं ना पोरी."

७ जानेवारी, मंगळवार

प्रशील सरांनी पुस्तक दिलं. हे प्रशील सर आमच्या जळगावचेच. नऊ वर्षं जपानमध्ये कारखान्यात काम करून परत आले, आता पुढच्या खोलीत तिकडे नोकरीला जाणाऱ्या पोरापोरींचा क्लास घेतात. तिकडे डोंगरातल्या एका गावात ते भाड्यानं राहायचे. त्या घरमालकिणीच्या सासूनं लिहिलेलं पुस्तक. घरच्यांनीच छापलं होतं, गावात वाटण्यापुरतं. हाताएवढं पुस्तक, निळं कापडी कव्हर. लेखिकेचं नाव किनुए. नवरा तोकुजी वारला, त्यानंतरचं एक वर्ष तिनं लिहिलंय.

मी म्हटलं, "सर, मोठ्या लेखकाचं काही द्या ना. अस्मितेवर प्रकरण आहे." तर म्हणतात, "मॅडम, अस्मिता म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. म्हणून तर देतोय."

संध्याकाळी बसले. पहिलं पान वाचेपर्यंत जेवणाची वेळ झाली. एकेक चित्राक्षर शोधायचं, त्याच्या रेघा मोजायच्या, कोशात सापडलं की पुढचं अडायचं. आणि एवढं करून जे हाती आलं ते असं: "तुम्ही छप्पर नीट केलं नाहीत आणि निघून गेलात. काल पाऊस आला. भांडं लावलं. टप टप ऐकत तुम्हाला शिव्या दिल्या."

माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण असं सुरू होतं: 'जपानी स्त्री आपली भावना व्यक्त करीत नाही.' मी ते वाक्य उघडून पाहिलं आणि खर्डा पुन्हा मिटला.

१९ जानेवारी, रविवार

एक गोष्ट घडली. मी वाचताना तोंडानं मराठी करत जाते, सवयच आहे. किनुएबाई शेतातून परत येते आणि रिकाम्या घराला सांगते, "आले हं मी." तिकडे प्रत्येक जण दारात असं म्हणतो, घरातला माणूस म्हणतो 'या'. मला पाठ आहे हे, पहिल्या धड्यातलं आहे. पण ती लिहिते: "आतून कोणी 'या' म्हणालं नाही. मग मीच म्हणाले. माझा आवाज तुमच्यासारखा काढून पाहिला. जमला नाही. हसू आलं."

मी थांबले. मागून आबांचा आवाज. "रिकाम्या घराले सांगते ती?"

आबा स्वतःहून बोलले. मी वळून पाहिलं तर खुर्ची चार बोटं पुढे सरकलेली होती. म्हटलं, हो, सांगते. तर म्हणाले, "मंग? पुढं काय केलं त्या बाईनं?"

मी म्हटलं, पुढचं उद्या, मला एका पानाला दोन तास लागतात. तर म्हणतात, "लागू दे. मले कुठं जायाचं हाय?"

२ फेब्रुवारी, रविवार

आता रोजचं झालंय. दिवे लागले की आबा विचारतात, "बाई काय म्हनती?" माझ्या कॉलेजात इतकी उपस्थिती असती तर.

आजचं पान. अंगणात त्यांचं एक झाड आहे, काकी नावाच्या फळाचं, पिकलं की नारिंगी होतं. फळं उतरवताना तोकुजी शेंड्यावरचं एक फळ दरवर्षी ठेवायचा, झाडाची राखण म्हणून आणि पाखरांसाठी म्हणून. तिकडे सगळ्या गावात तशी रीत आहे. यंदा चढायला कोणी नाही, तर किनुएबाई लिहिते: "एक ठेवायचं तर यंदा सगळंच झाड ठेवलं. तुमच्यामुळे पाखरं माजली आहेत. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत."

आबा हसले. खरंच हसले, खांदे हलवून. म्हणाले, "आपन बी ज्वारीची एक वळ सोडतोच ना बांधाच्या कडीले. पाखराची."  मग म्हणाले, "लय लांबची हाय ना ही बाई?" मी म्हटलं समुद्रापार. "आसं," म्हणाले.

मला काय वाटतंय ते नीट लिहिता येत नाहीये. सात वर्षं मी ह्या देशावर लिहितेय. शिस्त, कर्तव्य, गट, लाज, सगळे शब्द वापरून झाले. आणि हे निळं पुस्तक उघडलं की मला आ वासून बसावंसं वाटतं. एका फळाबद्दल तीन ओळी, आणि त्यात त्या गावाचं देणंघेणं, नवरा-बायको, थंडी, सगळं आहे. ती कुठेही 'आम्ही जपानी' असं म्हणत नाही. तिला गरजच पडत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

योगेंद्रचा फोन. माझा भाऊ फोनवर नेहमी शेतातून बोलतो, मागे पंप चालू असतो, त्यामुळे साधं बोलणंही भांडणासारखं वाटतं. म्हणाला, "ताई, आखाजी येईल आता. आईची पहिली घागर. आबांना तयार कर."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात. वर डांगर म्हणजे खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवायच्या, चुलीत घास टाकायचा. ज्याचं पहिलं वर्ष आहे त्याची घागर नवी. घरातला मोठा माणूस ते करतो, म्हणजे आबा. मी आबांना विचारलं. खिडकीकडे बघत म्हणाले, "मी नाही येनार पहूरले. भराची नाही घागर."

योगेंद्रला सांगितलं तर तो पंपाच्या वरताण ओरडला. लोक काय म्हणतील, आईला पाणी नको का, घरातला मोठा माणूस असून. मी म्हटलं, लोकांना म्हणावं दिपमाला प्रबंध लिहितेय, नंतर बोलू. मला ह्या सगळ्यात पडायचं नाही. आबांनी जेवावं एवढंच मला हवंय. डॉक्टर म्हणाले वजन असंच उतरत राहिलं तर सलाइन लावावं लागेल. बाकी घागर भरा, नका भरू. मी तशीही ह्या सुट्टीत पहूरला जाणार नव्हते. काम आहे.

आईची नऊवारी माझ्या कपाटात आहे. मेघावहिनीनं पिशवीत घालून दिली होती. ती पिशवी वर ठेवलीय, खाली जागा नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

काय दिवस होता. लिहिलंच पाहिजे.

पुस्तकात आता तिकडचा उन्हाळा सरत आलाय, ऑगस्ट. आजचं पान असं: "अंगणातलं वांगं तोडलं, धुतलं. वाळक्या काड्या मोडल्या. चार वांग्याला खोचल्या. दारात काड्या रचून जाळ केला. वारा नव्हता. धूर सरळ वर गेला. शेजारच्या दारातही तसाच जाळ. सगळ्या गावात. मी जाळाजवळ बसून राहिले." इथे पान संपतं.

काड्यांसाठी जो शब्द आहे तो मला नवीन. कोशात म्हटलंय, साल काढून वाळवलेले ताग-अंबाडीच्या जातीचे दांडे. मी मोठ्यानं म्हटलं, "आबा, पऱ्हाट्याच की." पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, आमच्याकडे भरताची वांगी त्यांच्यावरच भाजतात.

आबा खुर्चीतून उठले. "वांगं? पऱ्हाटीवर?"

मी म्हटलं, "हो. दारात जाळ करून. आणि वांग्याला काड्या खोचून."

"टोचल्याबिगर वांगं फुटतं ना. बराबर करू राह्यली बाई," आबा म्हणाले, एखाद्या परीक्षकासारखे. "आन बठ्ठं गाव करू राह्यलं म्हनजे भरताची पार्टी हाय. कोनाच्या वावरात?"

"दारातच आहे, आबा."

"दारात धूर होतो. पन असंल तिकडं तशी रीत."

मी काय सांगू. जळगावच्या पोरीला समुद्रापारच्या डोंगरात भरीत सापडलं. मी नाचायचीच बाकी होते. प्रकरणाला मथळासुद्धा सुचला, 'अग्नी, वांगे आणि समूहभोजन'. आणि तेवढ्यात आबा म्हणाले, "दिपे, वांगी हायेत का घरात?"

२४ फेब्रुवारी, सोमवार

कॉलेजला दांडी. बामणोदची मोठी हिरवी वांगी आणली, भाजीवालीकडून पऱ्हाट्यांची मोळी मिळवली आणि गच्चीवर जाळ केला. खालच्या मजल्यावरच्या प्रमिलाबाई आग लागली म्हणून बादली घेऊन वर आल्या, त्यांनाही बसवून घेतलं. आबांनी स्वतः वांगी फिरवली. भरीत ठेचायची लाकडी बडगी नव्हती तर पातेल्यातच ठेचलं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. कळण्याची भाकरी प्रमिलाबाईंनी करून आणली.

आबांनी दीड भाकरी खाल्ली. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा त्यांनी ताट पुसून खाल्लं. हात धुताना म्हणाले, "त्या बाईले कळवता येतं का? आमी बी केलं म्हना."

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. धूर फार झाला होता गच्चीवर.

१ मार्च, शनिवार

प्रशील सरांकडे अडलेले शब्द घेऊन गेले. आधी मिरवत भरताची गोष्ट सांगितली. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. हसतील वाटलं होतं. हसले नाहीत.

म्हणाले, "मॅडम, ते वांगं खायचं नसतं."

तिकडे ऑगस्टमध्ये मेलेली माणसं घरी येतात. चार दिवस राहतात. येताना काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करून ठेवतात, त्यावर बसून लवकर यावं म्हणून. आणि परत जाताना वांग्याला चार पाय लावतात. ती गाय. तिच्यावर बसून माणूस परत जातो. गाय कारण ती हळू चालते. जायला उशीर लागावा. दारातला जाळ वाट दिसावी म्हणून. आणि तोकुजीचं ते पहिलंच वर्ष.

मी सात वर्षं अभ्यास केलाय. त्या सणाचं नाव मला ठाऊक आहे, कंदील ठाऊक आहेत, नाच ठाऊक आहे, त्यावर माझ्या प्रबंधात दीड पान आहे. पण त्या बाईनं सणाचं नाव लिहिलं नाही. तिच्या गावात कोण लिहील? सगळ्यांना ठाऊकच आहे. आणि मी वांगं, काड्या आणि जाळ वाचला आणि मला दुसरं काही सुचलंच नाही. सुचणार तरी काय होतं जळगावात?

प्रशील सर म्हणाले, "मी पहिल्या वर्षी घरमालकिणीकडे पाहिलं हे. दारात बसून ती धुराला वाकून नमस्कार करत होती. आणि तिकडे मेलेल्या माणसाला बुद्धच म्हणतात, मॅडम. कोणीही असो, न्हावी, शेतकरी, कोणीही. मी बौद्धाच्या घरातला, मला काय वाटलं असेल?" त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

रिक्षा न करता चालत घरी आले. रस्त्यात कोण भेटलं आठवत नाही. एवढीशी चार काड्यांची गोष्ट, आणि केवढी. जायला उशीर लागावा म्हणून गाय.

दार उघडलं तर आबा म्हणाले, "काय म्हनती बाई? मंग भरीत कसं झालं?"

मी म्हटलं, "छान झालं, आबा."

९ मार्च, रविवार

गेला आठवडाभर मी खोटं वाचतेय. हे इथे तरी लिहायला हवं.

पुढचं पान मी केव्हाच वाचलंय. किनुएबाई जाळाशी बसून तोकुजीला निरोप देते. ते मी आबांना कसं वाचू? आत्ता कुठे जेवायला लागलेत. शुक्रवारी प्रमिलाबाईंच्या नवऱ्याबरोबर बाजारात जाऊन आले. त्यांना मी सांगू की ते वांगं मेलेल्या माणसाला परत पाठवायचं होतं, आणि आपण ते मिरची घालून खाल्लं? जेवण पुन्हा बंद होईल, आणि ह्या वेळी मी काय करणार?

म्हणून मी रचतेय. सोमवारी किनुएबाईनं शेजारणींना जेवायला बोलावलं. बुधवारी सगळ्यांनी तिच्या हाताला चव आहे म्हणून कौतुक केलं. काल तिची नात सुट्टीला आली आणि आजीच्या गळ्यात पडली. पुस्तक समोर धरते, पान उलटते, आणि तोंडाला येईल ते बोलते. मुळातून वाचा म्हणे.

आबा ऐकतात. आता मधे विचारत नाहीत फारसं. जेवतात मात्र. पण काल पोळी अर्धी ठेवली. गरम होतंय आता, म्हणून असेल.

१८ मार्च, मंगळवार. धुळे

सरांकडे. प्रकरण कुठवर आलं विचारलं. भरताची चूक सांगितली. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला, पाणी आणून द्यावं लागलं. "अस्मिता शोधाले गई आन भरीत करी उनी," म्हणाले, म्हणजे भरीत करून आली. धुळेकर माणूस हसायला लागला की अहिराणीतच हसतो. मग गंभीर होऊन म्हणाले, ही चूक प्रकरणात घाल. लपवू नको. आपण आपलंच तोंड बघतो दुसऱ्याच्या आरशात, आणि त्यातून बाहेर पडायला माणूस भेटावा लागतो. तुला भेटलाय. पुढच्या पानांवर काय आहे?

मी सांगितलं.  खिडकीबाहेर कोणी तरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होईना.

"आणि वडिलांना वाचून दाखवलंस?"

मी म्हटलं, दाखवेन. सर म्हणाले, "मूळ पुस्तक हातात धरून खोटं वाचायचं, हे तर त्या गोऱ्या साहेबांनीही केलं नाही गं." रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

२० मार्च, गुरुवार

आज मी वाचायला बसले, म्हणजे रचायला. किनुएबाई नातीला घेऊन जत्रेला निघते. नवीन चपला घेते. जत्रेत आनंदीआनंद.

आबा म्हणाले, "बस कर दिपे."

"का, आबा?"

"ही ती बाई नाही. ती आसं गोड नाही बोलत. ती नवऱ्याले शिव्या देत होती. पाखराले माजली म्हनत होती. आता लय दिवस झाले, ती कोनालेच काही बोलू नाही राह्यली. बठ्ठे तिले चांगलं म्हनू राह्यले आन ती ऐकू राह्यली." मग म्हणाले, "तोकुजीचं तर नावच नाही. ती त्याच्याबिगर पान लिहिल का?"

 मी पुस्तक मिटलं. म्हटलं, "तुम्हाला त्रास होईल म्हणून..."

"मले?" आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मी नाही भेत पोरी. तूच भेऊ राह्यली. काय लिव्हलं तिनं ते सांग."

मला राग आला. मी कशाला भिऊ? मी तर सगळं वाचूनच बसलेय. पण पुस्तक उघडताना पान दोनदा चुकलं.

मग सांगितलं. काकडीचा घोडा, वांग्याची गाय, दारातला जाळ. भरीत नव्हतं ते. सगळं सांगितलं आणि मग पुढचं पान वाचलं, तिच्याच शब्दांत:

"घाई करू नका. तुम्हाला कधी घाई नव्हतीच, बसगाडी तुमच्यामुळे चुकायची. आज मात्र सगळे निघालेत तेव्हा निघा. छप्पर मी नीट करून घेतलंय. पुढच्या वर्षी याल तेव्हा बघा. न बघता खाली मान घालून आत येऊ नका. जाळ विझला. आता मी भांडी घासते."

आबा खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं झालं, गेलं सगळं. आपण उगाच सांगितलं.

मग म्हणाले, "गाय काबर? घोडा जाताना काबर नाही?"

"हळू जावं म्हणून, आबा."

"आसं." मग पुस्तकाकडे बोट केलं. "बरं केलं तिनं."

थोड्या वेळानं म्हणाले, "आन ते वांगं आपन खाल्लं."

मी म्हटलं हो. तर आबा हसायला लागले. मलाही हसू आलं. दोघं हसतच बसलो, प्रमिलाबाई दारात येऊन काय झालं म्हणून बघून गेल्या. ताट वाढलं. आबा जेवले. मला जेवण गेलं नाही. का कोण जाणे. उन्हाचा त्रास झाला असेल.

१२ एप्रिल, शनिवार

पुस्तक संपलं. शेवटच्या पानावर पुन्हा पाऊस आहे, छप्पर गळत नाही, आणि तिला त्याचा कंटाळा आलाय. एवढंच. मी ते बंद केलं आणि हात जोडले. असं मी कोणत्याही पुस्तकाला केलेलं नाही. प्रबंधाचं दुसरं प्रकरण काढून टाकलंय, पूर्ण. त्या जागी काय येणार ठाऊक नाही. भीती वाटत नाही, हे विशेष. मी ह्या लोकांना ओळखत नव्हते आणि आता एका बाईला ओळखते.

दुपारी आबा म्हणाले, "योग्याले फोन लाव." फोन घेऊन म्हणाले, "घागर आनून ठेव. नवी. वाजवून घेजो, फुटकी देतात." पलीकडून योगेंद्र काय म्हणाला कळलं नाही, पंप चालू नव्हता एवढं खरं.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आबा, तुम्ही तर भरायची नाही म्हणत होता."

"तिले वाटेले लावलंच नाही मी आजून. मंग ती येईल कुठून?" आबा म्हणाले. मग मला म्हणाले, "तू बी चाल."

मी म्हटलं, मला पेपर तपासायचेत.

"पेपर पहूरले तपास."

३० एप्रिल, बुधवार. पहूर. आखाजी

सकाळीच मेघावहिनीनं अंगण सारवलं. घागर भरली, वर डांगर, दोन आंबे, सांजोऱ्या. मी आल्यापासून पुढच्या खोलीतच होते. स्वयंपाकघरात जायचं राहून गेलं होतं.

आमच्याकडे आखाजीला उंबरा धुतात आणि घरातला मोठा माणूस त्यावर कुंकवाची बोटं उठवतो, एकेका पितराचं नाव घेऊन एकेक बोट. मी हे लहानपणापासून बघतेय, आणि आज पहिल्यांदा बघितलं असं वाटलं. आबा उकिडवे बसले. गुडघ्याचा आवाज झाला. वाटीत ओलं कुंकू. त्यांच्या आज्याचं नाव, आजीचं, मग वडलांचं, आईचं, लहानपणी गेलेल्या भावाचं. प्रत्येक नाव स्पष्ट, मोठ्यानं, हजेरी घेतल्यासारखं. मग बोट वाटीत राहिलं.

आबांनी आईचं नाव कधीच घेतलेलं नाही. ती त्यांचं घ्यायची नाही, ते तिचं. 'ऐकलं का', नाहीतर 'योग्याची माय'. एवढ्या वर्षांत आम्ही पोरांनी तिचं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. योगेंद्र मागे उभा होता, त्यानं घसा खाकरला. त्याला वाटलं आपण घ्यावं.

"मंजुळा," आबा म्हणाले, आणि बोट टेकवलं. जरा जोरात टेकवलं, कुंकू पसरलं. "येत जाय," म्हणाले.

मग उठतील वाटलं. उठले नाहीत. पुन्हा बोट वाटीत बुडवलं आणि मला विचारलं, "दिपे, ती बाई हाय का आजून?"

मला कळलंच नाही कोण. मग कळलं. पुस्तक छापलं तेव्हा ती बहात्तर वर्षांची होती, आणि ते छापलं माझा जन्म झाला त्या साली. म्हणजे शंभरी कधीच उलटली असती, किती साधा हिशेब. जानेवारीपासून आम्ही रोज म्हणत होतो, बाई काय म्हणते, बाई काय करते. मी एकदाही विचार केला नाही. प्रशील सरांनाही विचारलं नाही.

"नसेल, आबा," मी म्हटलं.

आबांनी मान हलवली. त्यांना आधीच माहीत असावं. "तोकुजी," म्हणाले आणि एक बोट उठवलं. "किनुबाई," आणि एक.

योगेंद्र वाकून बघायला लागला. "आबा, हे कोण?"

"वळखीचे हायेत," आबा म्हणाले. "इतक्या लांबून येतीन त बसाले जागा नको?"

मेघावहिनीनं आत जाऊन पाण्याचे आणखी दोन पेले भरून आणले आणि घागरीशेजारी ठेवले. एक पेला आईचा होता, कड चेपलेला, ती त्यातूनच चहा प्यायची. तो बघितला. मी तिथेच उंबऱ्याच्या आत बसले आणि रडले. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. आईसाठी मी तोवर रडलेच नव्हते, आणि आपण रडलो नाही हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मेघावहिनी हात न पुसताच माझ्याजवळ येऊन बसली. आबांनी काही समजूत घातली नाही. ते चुलीत घास टाकायला गेले आणि तिथून हाक मारली, "दिपे, रडून झालं की ये. तुझ्या हातचा बी एक घास टाकाचा हाय."

मी गेले.